राणीचा खेळ आणि आरोपपत्र



गेल्या महिन्यात दवाखान्यात एक भगिनी आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आतले. पती निवर्तून चार महिने झालेले. रक्तदाब वाढलेला, वजन सहा किलोंनी अधिक, गुडघे धरलेले. "पूर्वी तुम्ही रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळायला जात होतात ना?" असे विचारताच त्यांनी मान खाली घातली. "आता कशी जाणार, डॉक्टर? लोक काय म्हणतील?"

त्या उत्तराने मला स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट आठवली. साडेचारशे वर्षांपूर्वी, पतीच्या मृत्यूनंतर ती मैदानावर गेली तेव्हा लोक काय म्हणाले, हे कागदोपत्री नोंदलेले आहे.

फेब्रुवारी १५६७ मध्ये तिचा पती लॉर्ड डार्नली याचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच ती एडिनबरोजवळील सीटन येथे गेली. पुढे १५६८ मध्ये इंग्लंडमधील चौकशीत तिच्या विरोधकांनी जे आरोप मांडले, त्यांत सीटनच्या मैदानावर ती उघडपणे गोल्फ खेळली, हाही एक होता. स्त्रीने गोल्फ खेळल्याचा हा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. म्हणजे स्त्रियांच्या या खेळाचा इतिहास सुरू होतो तो आरोपपत्रापासून! खुनात तिचा हात होता की नाही, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. ज्याच्यावर संशय होता त्या बॉथवेलशी तीनच महिन्यांत विवाह करून तिने आपली बाजू स्वतःच दुबळी केली, हेही खरे. परंतु मैदानावर चेंडू टोलवणे हा दुःख नसल्याचा पुरावा कसा ठरतो, हे मला वैद्यक व्यवसायातील इतक्या वर्षांनंतरही उमगलेले नाही.

ही राणी केवळ खेळकर नव्हती. १५६१ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, पहिल्या पतीच्या निधनानंतर ती फ्रान्सहून मायदेशी परतली. ती स्वतः कॅथलिक, तर देश नुकताच प्रोटेस्टंट झालेला. आल्यानंतर आठवड्याच्या आत तिने जाहीरनामा काढला, की धर्माची आज जी स्थिती आहे तीत कोणीही फेरबदल करू नये. स्वतःसाठी तिने फक्त खासगी उपासनेची मोकळीक ठेवली. युरोपात धर्मापायी माणसे जिवंत जाळली जात होती, त्या काळातील ही गोष्ट आहे.

ऑक्टोबर १५६६ मध्ये सरहद्दीवरील जेडबर्ग येथे फिरते न्यायालय भरवण्यासाठी ती जातीने गेली. तेथूनच, जखमी झालेल्या बॉथवेलला भेटण्यासाठी तिने हर्मिटेजपर्यंत जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर घोडदौड एका दिवसात केली. पाठोपाठ ती गंभीर आजारी पडली. वारंवार उलट्या होऊ लागल्या, दृष्टी आणि वाचा गेली, अंग थंडगार पडले. ती गेली असेच काहींना वाटले. तिच्या फ्रेंच वैद्याने हातपाय घट्ट बांधून तिला वाचवले. जठरातील व्रणापासून पॉर्फिरियापर्यंत अनेक निदाने पुढे सुचवली गेली. रुग्णाला न तपासता केलेली निदाने ती. त्यांत मी भर घालणार नाही.

मला अधिक बोलके वाटते ते नंतरचे. मे १५६८ मध्ये ती आश्रयासाठी इंग्लंडमध्ये आली आणि नजरकैदेत पडली. वय पंचवीस. कार्लाइल येथे तिच्या सेवकांनी तिच्यासमोर दोन तास फुटबॉल खेळल्याची नोंद पहारेकरी सर फ्रान्सिस नोलिस यांच्या पत्रात आहे. सशाच्या शिकारीत ती इतका वेगाने घोडा फेकी, की ती पळून जाईल या भीतीने त्यांनी घोडेस्वारीला अटकाव केला. पुढची एकोणीस वर्षे ओलसर, थंड वाड्यांत आणि भरतकामात गेली. सांधे आखडले, पाय सुजले. बक्स्टनच्या कोमट झऱ्यांवर जाण्यासाठी तिला परवानगी मागावी लागे. ऑगस्ट १५८६ मध्ये जरा बरे वाटत असताना तिला शिकारीला नेण्यात आले, आणि वाटेतच अटक झाली. खटल्यात वकील नाकारण्यात आला. न्यायालयात ती लंगडत, माणसांच्या आधाराने आली. फेब्रुवारी १५८७ मध्ये शिरच्छेद झाला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

सगळा दोष बसून राहण्याचा होता असे नाही. ओल होती, मनस्ताप होता. तरीही, पोटरीचे स्नायू हे पायांतील रक्त वर ढकलणारे पंपच असतात. ते थांबले की पायांवर सूज येते. न वापरलेला स्नायू काही आठवड्यांतच रोडावतो, सांधा धरतो, साखर वाढते, झोप उडते. शोकात असलेल्या माणसाला तर हालचालीची गरज अधिक असते, कारण तिने मनाचा भारही थोडा हलका होतो. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस विधवांना वगळून केलेली नाही.

त्या भगिनींना मी रक्तदाबाची गोळी दिली आणि चिठ्ठीवर लिहिले: दोन आठवडे सकाळी वीस मिनिटे चालणे, रक्तदाब पुन्हा तपासून मग बॅडमिंटन. चिठ्ठी वाचून त्यांनी विचारले, "पहाटे अंधारात गेले तर चालेल ना?" पुढच्या वेळी सासूबाईंना सोबत घेऊन या, असे मी त्यांना सांगितले आहे.