ऐकलं म्हणता, मग उत्तर कुठे आहे?

ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हॅटिकनला बिशपांचा सिनड भरला होता. विषय होता तरुण आणि त्यांची श्रद्धा. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस त्या सभागृहात होते. इंडियन कॅथॉलिक यूथ मूव्हमेंटचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष पर्सिव्हल होल्टही होते. बोलायची मुभा दोघांनाही होती. शेवटचा दस्तऐवज मताला टाकला, तेव्हा मात्र दोघांपैकी मत देता आलं ते कार्डिनल ग्रेशस यांनाच. होल्ट यांच्यासारखे तीसहून अधिक तरुण तिथे होते. आपल्याबद्दलच्याच मसुद्यावर त्यांना मत नव्हतं. बिशप नसलेल्या सत्तरेक जणांना मताधिकार मिळाला तो पुढे २०२३ च्या सिनडमध्ये. त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि तरुणही असावेत, असं पोप फ्रान्सिस यांनी ठरवलं होतं.

म्हणजे रोमने पाच वर्षांत एक पायरी ओलांडली. पॅरिश त्याच पायरीवर अजून किती दिवस बसणार, हा खरा प्रश्न आहे.

पनवेलचंच घ्या. रायगड जिल्हा लॅटिन कॅथॉलिकांच्या मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो, तर इथली सिरो-मलबार मल्याळी कुटुंबं १९८८ साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याण महाधर्मप्रांताकडे पाहतात. सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघरमध्ये मंगळूर, गोवा, वसई, केरळ, तमिळनाडू अशी सगळीकडची कॅथॉलिक घरं आहेत. पहिल्या पिढीला परक्या नोडमध्ये पॅरिशने गावपण दिलं. मुलांची गोष्ट वेगळी. ती इथेच जन्मली, इथल्या शाळेत शिकली, मित्रांशी मराठी-हिंदी-इंग्रजीची भेळ करून बोलतात. त्यांना गावाची उणीव भासतच नाही. त्यांच्यापुढचे प्रश्न निराळे आहेत.

आणि वेळापत्रकही निराळं. पनवेल ते सीएसएमटी लोकलने सव्वा तास तरी जातो, तोही एका बाजूने. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत पाळ्या असतात. आता नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर रात्रपाळ्या वाढतीलच. अशा मुलामुलींना रविवारी सकाळी मिस्सा झाल्यावर यूथच्या बैठकीला थांबा म्हणायचं आणि न थांबल्यास ‘आजच्या पोरांना श्रद्धाच नाही’ म्हणून मोकळं व्हायचं, हे सोपं आहे. बैठकीची वेळ त्यांनाच ठरवू देणं त्याहून सोपं आहे, पण ते सुचत नाही.

दृढीकरणाचा संस्कार होईपर्यंत मुलं नियमित येतात, मग गळतात, ही तक्रार जवळपास प्रत्येक पॅरिशमध्ये ऐकू येते. जी उरतात त्यांच्या वाट्याला काय येतं? डिसेंबरमध्ये कॅरल, सणाला स्टॉल आणि हाउजी, मिरवणुकीला गर्दी आवरणं, खुर्च्या लावणं नि उचलणं. कामं वाईट नाहीत. मात्र सणाचा खर्च किती करायचा हे ठरवताना खुर्च्या उचलणाऱ्याला कुणी विचारत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी सही केलेल्या ‘ख्रिस्तुस विवित’ या दस्तऐवजात या बाबतीत कमालीची स्पष्टता आहे. पुष्कळ तरुण चर्चकडे काहीच मागत नाहीत, काहींना तर तिची लुडबुडच नको असते, हे तिथे मान्य केलं आहे. कारणं म्हणून लैंगिक आणि आर्थिक घोटाळे, तरुणांशी बोलायची तयारी नसलेले धर्मगुरू, नीट तयारी न केलेली प्रवचनं आणि तरुणांना दिलेली बघ्याची भूमिका यांची नावं घेतली आहेत. इतकं खुद्द पोपने लिहून दिल्यावर पॅरिशच्या बैठकीत हे बोलणाऱ्या पोराला उद्धट कसं म्हणणार?

सर्वांत अवघड विषय लग्नाचा. पनवेलसारख्या ठिकाणी कॅथॉलिक मूठभर. वर्ग, ऑफिस, लोकलचा डबा, सगळीकडे इतर धर्मांचे सोबती. प्रेम जमतं ते त्यांच्यातच. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी चर्चच्या नियमाने लग्न लावायचं तर कॅनन १०८६ नुसार खास सूट घ्यावी लागते. ती मिळते, प्रक्रिया ठरलेली आहे. पण ही माहिती तरुणांपर्यंत केव्हा पोहोचते? बहुतेकदा लग्न ठरल्यावर, अर्ज घेऊन फादरांसमोर बसल्यावर. घरात रडारड झालेली असते, एका बाजूचे नातेवाईक रुसलेले असतात. हेच बोलणं विसाव्या वर्षी, कुणी प्रेमात नसताना, निवांत झालं असतं तर? पण तेव्हा यूथच्या कार्यक्रमपत्रिकेवर पिकनिक असते.

‘चर्च म्हणजे लोकशाही नव्हे’ असा आक्षेप इथे हमखास येतो. बरोबर आहे. कॅनन ५३६ नुसार पॅरिश कौन्सिलला सल्ल्यापुरतंच मत असतं, तिथे ज्येष्ठांनाही निर्णयाधिकार नाही. मात्र कॅनन २१२ श्रद्धावंतांना आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क देतो, कधी कधी ते कर्तव्यच ठरवतो. शिवाय कॅनन ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला वित्त समिती ठेवावीच लागते आणि त्या कलमात वयाची अट नाही. नोकरीत दिवसभर हिशेबाचे तक्ते हाताळणारी पंचविशीतली मुलगी या समितीत चालत नाही ती केवळ सवयीमुळे.

असं ऐकून घेण्याचं उदाहरण मराठी कॅथॉलिकांना दूर शोधायला नको. १९८९ च्या सुमारास वसईच्या शेती-पाण्यावर संकट आलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईचं आंदोलन घेऊन उभे राहिले. जमीन, पाण्याचे टँकर, गुंडगिरी हे प्रश्न धर्मशिक्षणाच्या पुस्तकातले नव्हते, गावातल्या माणसांच्या तोंडचे होते. धर्मगुरू त्यांच्या विषयाकडे गेला. त्यांना आपल्या विषयाकडे ओढत बसला नाही. गंमत म्हणजे वसईत ज्या सिडकोच्या नियोजनाला पुढे विरोध झाला, तिनेच वसवलेल्या नोडमध्ये पनवेलची ही मुलं वाढली. भाडं, पाण्याची टंचाई, कंत्राटी नोकरी यांवर त्यांनाही सांगण्यासारखं बरंच असेल.

करायचं काय, तर फार मोठं नाही. वित्त समितीत तिशीच्या आतले दोघे घ्यावेत, त्यात एक मुलगी असावी. तरुणांनी लेखी विचारलेल्या प्रश्नांना महिन्याभरात लेखी उत्तर द्यावं आणि ते सूचनाफलकावर लावावं. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, कारण मात्र लिहावं. ऑगस्ट २०२७ मध्ये सोलला जागतिक युवा दिन आहे. तिथे कोण जाणार, पैसे कुठून येणार आणि जाणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी इथे काय करायचं, एवढा एक निर्णय पनवेलच्या पॅरिशांनी पूर्णपणे तरुणांवर सोपवून पाहावा. हिशेब मागाहून जरूर तपासावा.