टोप्या झक्कास, माणसं गायब!

गर्दीचे फोटो काढायचे म्हटलं की आपण वीकेण्डला कॅमेरा घेऊन दादर नाहीतर क्रॉफर्ड मार्केट गाठतो. या पौष पौर्णिमेला जरा उलट दिशेची गाडी पकडा. कल्याणहून एसटीने मुरबाड, तिथून कर्जत रस्त्याला म्हसा. खांबलिंगेश्वराची यात्रा आणि बैलांचा मोठ्ठा बाजार. दादरची गर्दी निदान शिंगं तरी मारत नाही!

पण खरी परीक्षा उन्हाची. भर दुपारी समोर शेतकरी, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. कॅमेऱ्याचा मीटर बिचारा सगळ्या जगाला मध्यम राखाडी समजतो. एवढं पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो आणि चेहरा अंधारात. पहिल्या वर्षी मी असे चाळीसेक फोटो घरी आणले होते. मग फंडा कळला : स्पॉट मीटरिंग थेट गालावर. टोपी जळाली तर जळू दे. आणि निळ्या ताडपत्रीखाली पोर्ट्रेट नकोच, सगळे आजारी दिसतात.

संध्याकाळी धुळीतून तिरपं ऊन आलं तेव्हा शहापूरकडचे एक काका फ्रेममध्ये होते. सौदा झालेला, दावं दुसऱ्याच्या हातात, यांचा हात अजून बैलाच्या कपाळावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता नको गं पोरी."

असा लाइट पाचेक मिनिटं टिकतो. कॅमेरा खाली घेऊन मी तिथेच उभी राहिले. अंधारल्यावर त्यांनीच विचारलं, "चहा घेशील?"