अंक कुणाच्या हाती पडणार?

बंगळूरच्या शाळेत वार्षिक अंकाची बैठक बसली, की आधी कथा-कवितांची पाने मोजली जातात. पण पहिला प्रश्न वेगळाच: वाचणार कोण? चिमुकल्यांसाठी चित्रकथा, मोठ्यांसाठी मुलाखती, हे त्यावरूनच ठरते. शिवाय इथे वर्गात कन्नड, तमिळ, उर्दू, मराठी घरांतली मुले. एखाद्या आजीला फक्त देवनागरी वाचता येते. तिच्याशी चित्रानेच बोलायला हवे. लालबागेत १८८९ साली पायाभरणी झालेले काचघर मुखपृष्ठावर नुसते छापले, तर शहर ओळखू येते. त्याच्यापुढे रोपाला पाणी घालणारी मुलगी काढली, तर गोष्ट सुरू होते. नाहीतर नातू स्वतःचे छापील नाव दाखवतो, आजी कौतुकाने मान हलवते आणि अंक न उलगडताच कपाटात जातो.