बेटावरची म्हातारी भूत नाही

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आयर्लंडच्या बेटांवर घडणाऱ्या तीन इंग्रजी भयकादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. या प्रकाराला तिकडे ‘फोक हॉरर’ म्हणतात, आपण लोकभयकथा म्हणू. लेखक तीन, सांगाडा मात्र एकच. शहरातली एक बाई मनात काही दुःख घेऊन बोटीने बेटावर येते. धुकं असतं. मोबाइलला रेंज नसते. ती गावातल्या पबमध्ये शिरली की सगळ्यांचं बोलणं थांबतं. मग लोक आपसात आयरिश भाषेत कुजबुजतात आणि त्याचा अर्थ वाचकाला सांगितला जात नाही. एक म्हातारी असते, तिला सगळं ठाऊक असतं. शेवटी कळतं की जुन्या देवतेला बळी देण्याच्या कटात अख्खं गाव सामील आहे.

खोटं का बोलू, पहिली कादंबरी मी रात्री दोनपर्यंत जागून वाचली. वातावरण उभं करण्याची हातोटी मानायलाच हवी. तिसरी वाचताना मात्र वाटलं, हे मी आधी कुठेतरी पाहिलंय. कुठे? आपल्याच हिंदी सिनेमांत. कॅमेरा अरुंद गल्लीत शिरतो, मागे अजान सुरू होते, भिंतीवर उर्दू अक्षरं दिसतात, आणि प्रेक्षक समजून जातो की आता काहीतरी वाईट घडणार. जी लिपी मी वर्गात मुलांकडून गिरवून घेते, ती पडद्यावर धोक्याची पाटी होते. तेव्हा आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. मग दुसऱ्याची भाषा, दुसऱ्याची दादी अशीच भीतीच्या कामाला जुंपली जाते, तेव्हा आपण चादर ओढून मजेत का वाचतो?

या कथांचा साचा बराचसा १९७३च्या ‘द विकर मॅन’ या सिनेमातून आला. त्यातलं बेट स्कॉटलंडचं. तिथे गेलेल्या एका पोलिसाला गावकरी वेताच्या प्रचंड पुतळ्यात कोंडून जाळतात. या पुतळ्याला पुरावा काय? मुख्य आधार ज्युलियस सीझरच्या लिखाणाचा. सीझर तेव्हा गॉल प्रदेश जिंकत होता आणि तिथल्या लोकांविषयी लिहीत होता. ज्याला देश घ्यायचा आहे, तो तिथल्या लोकांना माणसं जाळणारे म्हणणारच. दोन हजार वर्षांनी ती साक्ष आपण तपासत नाही, तिकीट काढून बघतो.

आता खऱ्या बेटाकडे या. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला केरी परगण्यात ग्रेट ब्लास्केट नावाचं बेट आहे. एकेकाळी तिथे दीडशेच्या वर माणसं राहत. १९४७च्या सुरुवातीला तिथला २४ वर्षांचा एक तरुण मेंदूज्वराने गेला. समुद्र खवळलेला, डॉक्टर पोहोचूच शकला नाही. त्याच वर्षी वादळात अडकलेल्या बेटवासीयांनी पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली, की खायला काही उरलं नाही, अन्न पाठवा. अखेर १९५३च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने बेट रिकामं केलं. तेव्हा तिथे २२ माणसं उरली होती. त्यांची घरं आज पडझडीत उभी आहेत. त्या पडक्या भिंती कादंबरीकाराला भुताटकीसाठी सोयीच्या वाटतात. पण ती घरं कोणत्याही देवतेच्या कोपाने ओस पडली नाहीत. डॉक्टर नव्हता, धक्का नव्हता, रोजगार नव्हता, तरुण बोट पकडून अमेरिकेला गेले.

आणि ती म्हातारी? तिचं नाव पेग सेयर्स. लग्न होऊन या बेटावर आली, पोटची अनेक मुलं गमावली, एक मुलगा तर कड्यावरून पडून गेला. तिने आपलं आयुष्य मुलाला तोंडी सांगितलं, त्याने उतरवून घेतलं आणि १९३६ साली पुस्तक निघालं. लोककथा गोळा करणाऱ्यांना तिने शेकडो गोष्टी सांगितल्या. म्हणजे जिला या कथा शाप पुटपुटायला लावतात, ती प्रत्यक्षात पाहुण्याला चुलीजवळ बसवून गोष्टी सांगणारी बाई होती.

कुजबुजीचंही तेच. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या अनेक मुलांच्या गळ्यात एक काठी अडकवत. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच, आणि दिवसाअखेर खाचा मोजून मार. शिक्षक म्हणून हे वाचताना माझी मान खाली जाते. जी भाषा मारून मारून दबक्या आवाजात आणली, तिच्या दबक्या आवाजालाच आता भयानक ठरवायचं?

एक मैत्रीण म्हणाली, ‘अगं, अंधश्रद्धेवर टीका केली तर बिघडलं कुठे?’ रास्त प्रश्न आहे. अंधश्रद्धा माणसं मारते, यात शंका नाही. १८९५ साली टिपरेरी परगण्यात ब्रिजिट क्लिअरी नावाच्या बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं. ही माझी बायको नाही, पऱ्यांनी बदलून ठेवलेली कुणीतरी आहे, असं त्याचं म्हणणं. पण त्या खटल्यात साक्ष कुणी दिली? तिच्याच मामे-चुलत नात्यातल्या बाईने आणि शेजाऱ्याने. गाव एका मनाचं नव्हतं. नवऱ्याला शिक्षाही झाली. तरी आयर्लंडला स्वराज्य नको म्हणणाऱ्या वर्तमानपत्रांनी निष्कर्ष काढला, की बघा, हे लोक राज्य करायच्या लायकीचे नाहीत. गुन्हा एका घरातला, आरोपी अख्खी कौम. हा हिशेब आपल्या वाचकांना मी वेगळा समजावून सांगायला नको.

आयर्लंडमध्ये खरी भीती कमी नव्हती. ट्यूअम गावच्या माता-बाल गृहात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुलं दगावली, आणि त्यांच्या दफनाची नोंद सापडेना. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी एकेक मृत्यूचा दाखला मिळवून ती यादी उभी केली. तिथे धुकं नव्हतं, दगडांचं रिंगण नव्हतं. शिक्का, रजिस्टर आणि सरकारी अनुदान होतं. आयर्लंडच्याच ॲशलिन क्लार्क यांनी ‘द डेव्हिल्स डोअरवे’ (२०१८) हा भयपट केला, तो नेमका अशा संस्थेत, बायकांना डांबून ठेवणाऱ्या मॅग्डलीन धोबीखान्यात घडतो. ‘फ्रेवाका’ (२०२४) तर त्यांनी आयरिश भाषेतच केला. म्हणजे भयकथा लिहूच नका, असं मी मुळीच म्हणत नाही. भीती ज्याच्या हातात सत्ता होती त्याची वाटू द्या.

पुढच्या वेळी अशी कादंबरी हातात आली तर तीन गोष्टी पाहा. गावकऱ्यांपैकी कुणी दुसऱ्या गावकऱ्याशी वाद घालतो का? त्यांच्या भाषेतल्या एका तरी वाक्याचा अर्थ सांगितला आहे का? ते पोट कशावर भरतात, हे लेखकाला माहीत आहे का?

माझ्या तिन्ही कादंबऱ्या या परीक्षेत नापास झाल्या. त्या मी शाळेच्या वाचनालयाला द्यायचं कबूल केलंय आणि देणारही आहे. फक्त देण्याआधी प्रत्येकीच्या पहिल्या कोऱ्या पानावर ब्लास्केटच्या त्या २२ माणसांची हकिगत हाताने लिहीन, मराठीत आणि उर्दूतही.