बाबा, पेट्रोलच घेऊया

"अरे, फोर बाय फोर घेतोयस आणि ती पण पेट्रोल? वेडबिड लागलंय का?"

गेले चार महिने दर शनिवारी सकाळी आमच्याकडे हाच संवाद चाललाय. मी पुण्यात, बाबा रत्नागिरीत, फोन स्पीकरवर, आणि मागून आईचा आवाज, "कुठली का घ्या मेली, मला चढता आली म्हणजे झालं."

आधी फोर बाय फोर कशाला, ते सांगतो. पुण्याच्या मित्रांना वाटतं शायनिंग मारायला. आमची कलमं गोळपला. घर नाचण्याला. भाट्याच्या पुलावरून गोळपपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण पुढचा दीड किलोमीटर म्हणजे कातळ, लाल माती आणि मध्ये एक पऱ्ह्या. मार्च ते मे तिथून कुठलीही गाडी जाते. पण आंब्याची निम्मी कामं पावसातली. जूनमध्ये खत, जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार, मग गवत काढणं. गेल्या वर्षी बाबांची हॅचबॅक चढावर मागे घसरली आणि गडग्याला टेकली. बाबा म्हणाले काही झालं नाही. आईने मला वेगळा फोन करून सांगितलं काय झालं ते. बाबा ६३ वर्षांचे आहेत. त्यामुळे फोर बाय फोर घ्यायची यावर घरात वाद नाही. वाद आहे तो इंजिनाचा.

आता बाबांची बाजू. ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, जुनी आहे असं म्हणेन. कोकणात जीप म्हणजे डिझेल हे समीकरण उगाच नाही झालं. महिंद्राने १९४७ पासून इथे विलीज जीप जोडायला घेतली, ती पेट्रोलच होती. पण पेट्रोल परवडेना, म्हणून लोक इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल बसवून घ्यायचे. पुढे कंपनीनेच पूजोचं डिझेल इंजिन जीपमध्ये आणलं आणि विषय संपला. मारुतीची जिप्सी १९८५ ला आली, पेट्रोलवर, ती पोलिसांच्या, वनखात्याच्या आणि लष्कराच्या दारात दिसायची. खिशातून पेट्रोल भरणारा माणूस तिच्या वाटेला जात नसे. आणि भावातला फरक तरी किती! मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक असताना पेट्रोल घेणारा माणूस खरंच वेडा ठरला असता.

पण ते सरकारने ठरवलेले भाव होते, मंडळी. जानेवारी २०१३ पासून डिझेल थोडं थोडं वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रण काढूनच टाकलं. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ च्या वर, डिझेल ९० च्या आसपास. फरक उरला साधारण १३ रुपयांचा. बाबांच्या डोक्यात मात्र अजून २०१२ चाच पंप आहे.

मग मी काय केलं, तर एक्सेल उघडलं. (दुसरं काय येतं आम्हाला?) बाबांचं रनिंग महिन्याला जेमतेम ६०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला सात हजार. हिशोबाला पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरलं. मायलेज कंपनीचं नाही, ओळखीच्यांना प्रत्यक्ष मिळतं ते. थार डिझेल साडेबारा, थार पेट्रोल दहा, जिम्नी साडेतेरा. वर्षाचा खर्च असा आला: थार डिझेल ५१ हजार, थार पेट्रोल ७३ हजार, जिम्नी पेट्रोल ५४ हजार.

इथे मी स्वतःच थबकलो. मला पेट्रोल जिंकायला हवं होतं. पण एकाच थारची दोन इंजिनं शेजारी ठेवली तर बाबांचं बरोबर, डिझेल वर्षाला २२ हजार वाचवतं. आणि तरीही जिम्नी पेट्रोल असून थार डिझेलच्या अवघी तीन हजार मागे. कारण काय तर वजन. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, थार कितीतरी जड. भांडत होतो इंधनावर, आणि पैसे खात होतं लोखंड.

त्या तीन हजारांचं पुढे ऐका. महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. पंधरा लाखांच्या गाडीवर ३० हजार झाले. म्हणजे दहा वर्षांत डिझेलवर जे वाचणार ते पहिल्याच दिवशी आरटीओत भरायचं. हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. मग, "ते ठीक आहे, पण ताकद?"

ताकदीचं उत्तर सोपं नाही. थारच्या पेट्रोल टर्बोचा टॉर्क डिझेलइतकाच, ३०० न्यूटन-मीटर, तिथे प्रश्नच मिटला. जिम्नीचा फक्त १३४, आणि तोही ४००० आरपीएमला. आंबा घाटात ट्रकच्या मागे अडकलात की गिअर खाली टाकावाच लागतो, इंजिन ओरडतं. डिझेलसारखं तिसऱ्यात आरामात चढणं विसरा. पण बागेच्या चढावर आपण फोर-लो टाकणार. लो रेंजमध्ये चाकाला मिळणारा टॉर्क साधारण दुप्पट होतो, आणि निसरड्या मातीवर चाक फिरवायची ताकद कधी कमी पडत नाही, कमी पडते ती पकड. तिथे हलकी गाडी फायद्याचीच.

तिसरा मुद्दा भाऊकाकांचा. (बाबांचे मोठे भाऊ, घरातले सर्व वाहनविषयक निकाल त्यांच्याकडे लागतात.) "पऱ्ह्यात पेट्रोल गाडी बंद पडते." काकांच्या तरुणपणी हे शंभर टक्के खरं होतं. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी भिजल्या की ठिणगी गायब. डिझेलला ठिणगीच लागत नाही, म्हणून ते चालत राहायचं. आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र सीलबंद कॉइल असते. आणि हवेच्या नळीतून पाणी आत गेलं तर पेट्रोल असो वा डिझेल, कनेक्टिंग रॉड सारखाच वाकतो. पाण्यात किती खोल जाता येईल ते गाडीवर ठरतं. कंपनी थारला ६५० मिलिमीटर सांगते, जिम्नीची मर्यादा बरीच कमी आहे. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पऱ्ह्या एवढा भरला की मी घरीच बसतो. (आई: "खोटं!")

भाऊकाकांच्याच गाडीने मला खरं तर सगळ्यात मोठा मुद्दा दिला. त्यांच्याकडे मोठी डिझेल एसयूव्ही आहे, २०२१ ची. नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नाही. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. काजळी त्यात साठते आणि मग साधारण सहाशे अंश तापमानाला जाळावी लागते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात पळायला हवी. काका काय करतात? घर ते मारुती मंदिर. मारुती मंदिर ते बँक. बँक ते घर. इंजिन धड गरम होण्याआधी किल्ली बंद. फिल्टर जाळायला गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल फवारते. ते काम अर्धवट सुटलं की त्यातलं थोडं उतरतं इंजिन ऑइलमध्ये, आणि काजळी तशीच. एका संध्याकाळी दिवा लागला, गाडीने वेग धरणं सोडलं, आणि काकूंना दवाखान्यातून आणायला शेवटी रिक्षा करावी लागली.

तेव्हापासून काका दर रविवारी सकाळी फिल्टर जाळायला जातात. हातखंबा, तिथून हायवेने पाली, वडापाव, परत. रस्त्याचं काम आडवं आलं तर वेग मिळत नाही, मग आणखी पुढे. हे ते अभिमानाने सांगतात, गाडी 'मोकळी' केली म्हणून! डिझेल स्वस्त पडतं म्हणून घेतलेल्या गाडीत दर आठवड्याला चाळीसेक किलोमीटर डिझेल जाळायचं, कारण एरवी गाडी पुरेशी चालत नाही. यात कुठेतरी लॉजिकल बग आहे असं मी नम्रपणे सुचवलं होतं. गणपतीत माझ्याशी बोलले नाहीत ते.

बाबांचं रनिंग अगदी याच जातीचं आहे. बाजार, बँक, आजीचा डॉक्टर, आठवड्यातून दोनदा गोळप. रोज कोल्हापूर-रत्नागिरी करणारा माणूस असेल, महिन्याला दोन हजार किलोमीटर, तर त्याने डिझेलच घ्यावं, मी स्वतः शोरूममध्ये सोबत येतो.

पेट्रोलच्या बाजूने सगळं गोड आहे असंही नाही. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं मार खातं. ते पाणीही ओढून घेतं, आणि रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. गाडी महिना-महिना झाकून ठेवणाऱ्याने टाकी भरलेली ठेवावी. बाबा गाडी झाकून ठेवणाऱ्यातले नाहीत, एवढंच.

आणि माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. आजीसकट आम्ही पाच माणसं. पाच जण आणि सामान नीट मावेल अशी फोर बाय फोर पेट्रोलमध्ये द्यायची कंपन्यांना इच्छाच दिसत नाही. २०२२ ची स्कॉर्पिओ-एन, २०२४ ची थार रॉक्स, दोन्ही पेट्रोलमध्ये आल्या, पण फोर बाय फोर पाहिजे तर डिझेलच घ्या. उरली तीन दारांची थार, जिच्यात मागे चढायला आजीला क्रेन लागेल, आणि पाच दारांची जिम्नी, जिच्यात चारच सीट. त्यात सरकारचं गणित बघा. चार मीटरच्या आतली १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी 'छोटी', पण पेट्रोल असेल तर मर्यादा १२०० ची. सप्टेंबर २०२५ पासून छोटीला जीएसटी १८ टक्के, बाकीच्यांना ४०. जिम्नीचं इंजिन १४६२ सीसी. म्हणजे एवढीशी जिम्नी सरकारदरबारी मोठी गाडी! हसावं की रडावं.

असो. ऑगस्टमध्ये एका सहकाऱ्याची जिम्नी मागून घेतली आणि कराड-मलकापूर करत आंबा घाटातून घरी गेलो. घाटात दोनदा शिव्या घातल्या, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. गोळपला डांबर संपल्यावर मी उतरलो आणि किल्ली बाबांकडे दिली. फोर-लो, पहिला गिअर, क्लच सोडा, पाय लांब ठेवा, एवढंच सांगितलं. गेल्या वर्षी जिथे घसरले होते तिथे मागचं डावं चाक एकदा फिरलं, गाडी किंचित थरथरली आणि वर गेली. मी चिखल तुडवत मागून पोचलो तर बाबा कलमाखाली उभे. गाडीबद्दल एक शब्द नाही. मागचं दार उघडून, सीट पाडून, शेडमधून आणलेल्या टेपने लांबी-रुंदी मोजत होते.

"पाच डझनी पेट्या दहा-बारा बसतील," म्हणाले. "आणि पाचवा माणूस?"

"मी बसने येईन," म्हटलं.

शनिवारी फोन आला. आई तीनदा चढून-उतरून बघणार आहे, मगच बुकिंग. भाऊकाकांना अजून सांगितलेलं नाही.