दुसऱ्याचे शब्द आणि आपला अर्थ



वर्गात एकदा मी म्हणालो, "हवेत सोडल्यास पिसाच्या आधी दगड जमिनीवर पोचतो." पुढच्या आठवड्यात गटचर्चेत एक विद्यार्थी ठासून सांगू लागला, "सरच म्हणाले आहेत, जड वस्तू आधी पडते!" खोटे सांगण्याचा त्याचा हेतू मुळीच नव्हता. पण 'हवेत' हा शब्द गळला आणि विधान चुकले. हवा काढून घेतलेल्या नळीत पीस व दगड बरोबरच पडतात. मी न केलेले विधान खोडण्यात चर्चेचा उरलेला वेळ गेला.

आमच्या पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. तिथली एक हकिकत याहून मोठी आहे. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन घेतले होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मौनातल्या विनोबांकडून 'अनुशासन पर्व' एवढे दोनच शब्द बाहेर पडले. महाभारतातल्या एका पर्वाचे हे नाव. पण विनोबांचा आणीबाणीला पाठिंबा आहे, असा त्याचा अर्थ लावून सरकारी प्रचारात ते देशभर झळकले. मौन सुटल्यावर विनोबांनी फोड करून सांगितली : सत्ता चालवणाऱ्यांचे असते ते शासन; अनुशासन असते आचार्यांचे. परंतु तोवर सहा महिने उलटले होते. शब्द विनोबांचे होते. अर्थ मात्र दुसऱ्यांनी भरला होता.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' आज आपल्याला वाचता येतात. बोलणारा कोण, टिपणारा कोण आणि प्रसंग कोणता, हे तिथे वाचकाला स्वच्छ कळते.

प्रयोगवहीत तुम्ही 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन वेगळे रकाने आखता. द्रावण निळे झाले, हे निरीक्षण. त्यावरून काय ठरते, ते अनुमान. चर्चेतही हेच दोन रकाने हवेत, असे माझे मत आहे. आधी सांगा, कोण म्हणाले आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल म्हणाले. मग त्यांचे शब्द जसेच्या तसे द्या. शब्द आठवत नसतील, तर "माझ्या भाषेत सांगतो" असे मोकळेपणाने म्हणा. त्यानंतर थोडे थांबून "यावरून मला वाटते" अशी सुरुवात करा आणि आपले म्हणणे मांडा.

तुम्ही म्हणाल, "सर, एवढे सगळे बोलत बसलो तर चर्चा संपायची कधी?" सगळे भाषण पुन्हा म्हणायचे नाही, उत्तर ज्या वाक्याला द्यायचे, तेवढेच घ्यायचे. मात्र 'हवेत', 'बहुधा', 'जर' असले शब्द गाळायचे नाहीत. विधान कुठवर खरे आहे, ते हेच शब्द सांगतात.

पुढच्या चर्चेत एक प्रयोग करून पाहा. मित्राला उत्तर देण्यापूर्वी त्याचे म्हणणे त्यालाच सांगा आणि विचारा, "तू हेच म्हणालास ना?" तो "हो" म्हणाला, तरच पुढे बोला. किती भांडणे तिथेच मिटतात, ते मोजा आणि वहीत टिपून ठेवा.