अपडेट झाले, गाडी उभीच

मुरबाडच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावर नवी इलेक्ट्रिक गाडी बंद पडली, तर टोचनही लावता येत नाही. बहुतेक अशा गाड्या चाके उचलूनच न्याव्या लागतात. कल्याण-ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरला पोहोचलात की ठरलेले उत्तर मिळते: सॉफ्टवेअर अपडेट केले, घेऊन जा. आठवड्याने पुन्हा तेच. दुरुस्तीच्या नावाखाली ग्राहकाला दमवायचे, एवढाच हा धंदा.

दोष काल्पनिक नाहीत. २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. चार्जिंग युनिट बिघडून १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरू शकत होती. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही.

अमेरिकेत सदोष नव्या गाडीसाठी स्वतंत्र ‘लेमन लॉ’ आहेत, आपल्याकडे नाहीत. म्हणून लाखो रुपये मोजून वर हात जोडायचे का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने शहापूरच्या माणसाला ठाणे जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. मुदत दोन वर्षे, वकील सक्तीचा नाही. आयोग गाडी बदलून किंवा पैसे परत द्यायला लावू शकतो. पण त्यासाठी प्रत्येक फेरीचे जॉबकार्ड हवे, त्यात तक्रार तुमच्या शब्दांत. ‘जनरल चेकअप’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका.